चित्रफीत का अडखळते? तयार फाइलीतील दोष शोधण्याची रीत

कापूरहोळ (ता. भोर) : पुणे-सातारा महामार्गावरून भोरकडे आणि नारायणपूरमार्गे सासवडकडे जाणारे रस्ते जिथे फुटतात, ते हे गाव. संभाजीराजांना दूध पाजून वाढविणाऱ्या धाराऊंचे गाव म्हणून इतिहासाला त्याची ओळख आहे. लग्नसराई सुरू झाली, की इतर गावांप्रमाणे या पंचक्रोशीतही मांडवात कॅमेरे उभे राहतात. एक कॅमेरा व्यासपीठासमोर, दुसरा वऱ्हाडात, वरून ड्रोन आणि नवरीच्या मामेभावाच्या हातात मोबाइल. या चौघांचे चित्रण एकत्र जोडून महिन्याभराने तयार चित्रफीत घरी येते. पेन ड्राइव्ह दूरचित्रवाणी संचाला जोडला जातो आणि निराशा होते. नवरी मांडवात येताना तिची चाल हिसके खाते, अक्षता पडू लागताच चेहऱ्यांवर चौकोनी ठिपके उमटतात आणि वरातीतील रात्रीचे आकाश पट्ट्यापट्ट्यांचे दिसते.

दोष बहुधा संगणकावर ढकलला जातो. "मशीन जुने आहे," असे सांगून विषय संपविला जातो. प्रत्यक्षात चित्रफीत अडखळण्याची आणि फुटण्याची कारणे ठरावीक आहेत व ती क्रमाने तपासली तर सापडतात. मात्र हे काम वेळेत होणे आवश्यक असते. कॅमेऱ्यातील कार्ड पुढच्या लग्नासाठी रिकामे केले, की मूळ चित्रण कायमचे जाते. त्या लग्नात आशीर्वाद देणारी आजी पुढच्या वर्षी असेलच असे नाही. मंगलाष्टके पुन्हा म्हणून घेता येतात, तो क्षण पुन्हा उभा करता येत नाही.

दोष फाइलीत की दाखविण्यात?

पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे. तयार फाइल एकाच जागी दोन-तीन वेळा चालवून पाहावी. दर वेळी हिसका नेमक्या त्याच ठिकाणी येत असेल, तर दोष फाइलीत आहे. हिसक्याची जागा दर वेळी बदलत असेल, तर फाइल निर्दोष असून ती दाखविणारे यंत्र कमी पडत आहे, असे समजावे.

यंत्र कमी पडण्याचीही कारणे असतात. स्वस्त पेन ड्राइव्हचा वाचनाचा वेग पुरेसा नसतो, म्हणून फाइल आधी संगणकाच्या डिस्कवर उतरवून मग पाहावी. जुन्या दूरचित्रवाणी संचाला एच २६५ या प्रकारातील किंवा फोर-के आकाराची फाइल उलगडता येत नाही. तो एकतर अडखळतो किंवा आवाज ऐकवून चित्र काळे ठेवतो. फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, त्यासाठी एक्सफॅट पद्धत निवडावी लागते आणि आपला संच ती वाचतो की नाही हे आधी पाहावे लागते.

दोष फाइलीत आहे असे ठरले, तर व्हीएलसी प्लेअरमध्ये ती जागा थांबवून 'ई' हे बटण दाबत जावे. चित्र एकेक फ्रेमने पुढे सरकते. चालणाऱ्या माणसाचे पाऊल दर फ्रेमला थोडे पुढे गेले पाहिजे. मध्येच दोन फ्रेम हुबेहूब सारख्या आल्या, तर फ्रेम दुहेरी झाली आहे. पाऊल एकदम मोठे पडले, तर मधली फ्रेम गळाली आहे. हीच तपासणी कॅमेऱ्यातील मूळ तुकड्यावर करावी. मूळ तुकडा सुरळीत असेल आणि तयार फाइल अडखळत असेल, तर चूक जोडणीत किंवा एक्स्पोर्टच्या निवडीत आहे, हे नक्की होते.

पंचवीस आणि तीसचा मेळ

अडखळण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे फ्रेमच्या वेगांची सरमिसळ. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. भारतातील दूरचित्रवाणीने ५० हर्ट्झ विजेशी जुळणारी ६२५ रेषांची पद्धत स्वीकारली, म्हणून येथील व्हिडिओ कॅमेऱ्यांचा वेग २५ ठरला. अमेरिका आणि जपानमध्ये तो ३० च्या किंचित खाली, म्हणजे २९.९७ आहे. मोबाइल जगभर बहुतेक ३० वर चित्रण करतात. लग्नातील चार कॅमेरे असे तीन वेगवेगळ्या वेगांचे असू शकतात.

जोडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्पाचा वेग एकच असतो. २५ च्या प्रकल्पात मोबाइलचा ३० चा तुकडा टाकला, की दर सहावी फ्रेम टाकून द्यावी लागते. सेकंदात पाच वेळा चित्र बारीक उडी मारते. उलट ३० च्या प्रकल्पात २५ चा तुकडा घातला, तर दर पाचवी फ्रेम दोनदा दाखविली जाते आणि चाल सेकंदात पाच वेळा क्षणभर थबकते. २४ चा ड्रोन २५ मध्ये आला, तर दर सेकंदाला एकच थबकणे होते. ते माणसांच्या गर्दीत लपते, पण पुरंदरच्या कड्यावरून सावकाश फिरणाऱ्या दृश्यात स्पष्ट जाणवते. ३० चा तुकडा २९.९७ च्या प्रकल्पात असेल, तर सुमारे ३३ सेकंदांनी एकच फ्रेम गळते, त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

पूर्ण भाग जाणारी संख्या मात्र सुरळीत बसते. ५० चा तुकडा २५ मध्ये एकाआड एक फ्रेम सोडून नीट बसतो, ६० चा ३० मध्ये बसतो. ६० चा २५ मध्ये बसत नाही.

यावर उपाय तीन आहेत. पहिला आणि उत्तम उपाय चित्रणाआधीचा : सर्व कॅमेरे एकाच वेगावर लावावेत. ड्रोनच्या आणि काही मोबाइलच्या सेटिंगमध्ये २५ चा पर्याय सापडतो, तो नसेल तर कॅमेरेच ३० वर न्यावेत. दुसरा उपाय आवाज नसलेल्या दृश्यांसाठी : ड्रोनचा ३० चा तुकडा २५ चा आहे असे सॉफ्टवेअरला सांगावे. एकही फ्रेम न गळता दृश्य किंचित संथ होते आणि डोंगराचे दृश्य त्यामुळे अधिकच शोभते. तिसरा उपाय नाइलाजाचा : मधल्या फ्रेम गणिताने तयार करणारी 'ऑप्टिकल फ्लो' पद्धत वापरावी. ती बांगड्या, फुलांच्या माळा आणि हलणारे हात यांच्या कडा वितळवते, म्हणून प्रत्येक तुकडा तपासूनच ठेवावा. दोन फ्रेम एकमेकींत मिसळणारी 'फ्रेम ब्लेंडिंग' सुविधा मात्र बंद ठेवणे बरे, कारण तिने प्रत्येक चेहऱ्याला सावली चिकटते.

एक बाब ध्यानात ठेवावी. अनेक मोबाइल व संगणकांचे पडदे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतात. २५ ची निर्दोष फाइलही तेथे जराशी विषम दिसते, कारण काही फ्रेम दोनदा तर काही तीनदा दाखविल्या जातात. प्रेक्षक मुख्यतः मोबाइलवर पाहणार असतील, तर सर्व चित्रण ३० वर करणे सोयीचे ठरते.

मोबाइलचा बदलता वेग

मोबाइलच्या फाइलीवर ३० लिहिलेले असते, पण ते सरासरी असू शकते. मांडवात उजेड कमी झाला, की मोबाइल अधिक प्रकाश घेण्यासाठी स्वतःहून वेग उतरवितो. जोडणीचे सॉफ्टवेअर समान अंतराच्या फ्रेम गृहीत धरते. मग चित्र मधूनमधून अडखळते आणि तुकडा लांब असेल तर ओठ आणि आवाज यांची फारकत होते. मंगलाष्टकांच्या सुरुवातीला जुळलेला आवाज शेवटी मागे पडतो, तेव्हा संशय यावरच घ्यावा.

मीडियाइन्फो हे मोफत साधन फाइलीचा वेग स्थिर आहे की बदलता, ते सांगते. बदलता असेल, तर जोडणीला बसण्यापूर्वी हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर यांसारख्या मोफत साधनाने फाइल स्थिर वेगाची करून घ्यावी. हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडावा व दर्जाचा आकडा १६ ते १८ च्या दरम्यान ठेवावा. हा आकडा जितका लहान, तितका दर्जा उच्च आणि फाइल मोठी.

फाळक्यांच्या काळातील धडा

चित्रण करण्याचा वेग आणि दाखविण्याचा वेग यांचे नाते चित्रपटाइतकेच जुने आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचे रोप उगवताना ठरावीक अंतराने एकेक फ्रेम टिपली आणि कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखविली. पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी, त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. तेव्हाचे कॅमेरे हाताने फिरविले जात आणि वेग बोलपटांच्या २४ पेक्षा बहुधा कमी असे. मूकपट नंतरच्या यंत्रावर तसेच चालविले, की माणसे लगबगीने धावताना दिसतात, त्याचे कारण हेच. बोलपट आल्यावर ध्वनीला स्थिर वेग लागतो म्हणून २४ चा आकडा रूढ झाला. आजचे सॉफ्टवेअर कितीही प्रगत असले, तरी टिपलेल्या फ्रेम आणि दाखवायच्या फ्रेम यांचा मेळ न बसल्यास चित्र तक्रार करतेच.

जुन्या कॅसेटींचे दात

अनेक घरांत १९९० नंतरच्या लग्नांच्या व्हीएचएस किंवा मिनी डीव्ही कॅसेटी आहेत आणि त्या संगणकावर उतरविण्याचे काम येते. त्यांतील प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते. विषम रेषा एकदा, सम रेषा एकदा, अशी सेकंदाला ५० अर्धी चित्रे. संगणकावर ती एकदम दाखविली, की हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात.

हे दात घालविण्याची प्रक्रिया म्हणजे 'डीइंटरलेस'. ती करताना अर्धी चित्रे फेकून २५ फ्रेम न करता, ५० पूर्ण फ्रेम करून घ्याव्यात, म्हणजे मूळ चालीतील सलगता टिकते. अर्ध्या चित्रांचा क्रम चुकला, तर माणूस पुढे जाताना क्षणोक्षणी मागे सरकून थरथरतो. भारतीय पद्धतीच्या मिनी डीव्हीमध्ये खालच्या रेषा आधी येतात, तर एचडीव्ही कॅसेटींमध्ये वरच्या. सॉफ्टवेअरने चुकीचा अंदाज केला असेल, तर हा क्रम हाताने बदलावा. ७२० बाय ५७६ आकाराचे जुने चित्र रुंद पडद्यावर ताणू नये. चेहरे रुंदावतात आणि दर्जा मात्र वाढत नाही. दोन्ही बाजूंना काळी पट्टी ठेवणे हेच प्रामाणिक.

शटर, ऊन आणि ट्यूबलाइट

काही वेळा फ्रेम एकही गळलेली नसते, तरीही चित्र तुटक भासते. भर उन्हात निघालेल्या पालखीचे चित्रण स्वयंचलित सेटिंगवर केले, की शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद होतो. प्रत्येक फ्रेम कोरीव स्पष्ट येते आणि दोन फ्रेममधला हालचालीचा धूसरपणा नाहीसा होतो. डोळ्याला सलग चालीसाठी तोच धूसरपणा हवा असतो. म्हणून शटरचा वेग फ्रेमवेगाच्या दुप्पट, म्हणजे २५ ला १/५०, ठेवण्याचा प्रघात आहे. उजेड जास्त झाला, तर भिंगापुढे प्रकाश कमी करणारी एनडी काच लावावी.

कॅमेरा आडवा फिरवितानाही घाई करू नये. एखादी वस्तू चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सुमारे सात सेकंद लागावेत, असा चित्रपट छायाचित्रकारांचा जुना दंडक आहे. याहून जलद फिरविलेले दृश्य कोणत्याही एक्स्पोर्टने सुधारत नाही.

रात्रीच्या मांडवात तिसरी अडचण येते. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट व पुष्कळ एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. शटर १/६० वर असेल, तर चित्रात उजेडाच्या लाटा किंवा आडवे पट्टे दिसतात. १/५० किंवा १/१०० वर ते बहुधा जातात. चित्रण ३० च्या वेगाने असले तरी हाच नियम लागू पडतो.

अक्षता पडताच चित्र का फुटते?

आता दर्जाचा प्रश्न. १९२० बाय १०८० आकाराचे चित्र सेकंदाला २५ या वेगाने, कोणतेही आकुंचन न करता साठवायचे म्हटले, तर सेकंदाला सुमारे ६२२ मेगाबिट लागतात. तयार फाइलीला आपण १० मेगाबिट देतो, म्हणजे मूळच्या साधारण साठावा हिस्सा. एच २६४ ही पद्धत हे साधते, कारण ती पूर्ण चित्र अधूनमधून साठविते आणि मधल्या फ्रेममध्ये केवळ झालेला बदल नोंदविते. गुरुजी स्थिर बसून मंत्र म्हणत असतात, तेव्हा बदल थोडा असतो आणि १० मेगाबिट पुरून उरतात. 'सावधान' म्हणताच हजारो अक्षता एकदम उधळल्या जातात, प्रत्येक दाणा दर फ्रेमला नव्या जागी असतो. बदल अफाट, नोंदीची जागा तेवढीच. मग सॉफ्टवेअर बारकावे सोडून देते आणि चौकोन उमटतात. उधळलेला भंडारा, धबधबा, शोभेची दारू, धूर आणि चमकीची साडी ही सारी याच कुळातील दृश्ये.

उपाय म्हणजे बिटरेट वाढविणे आणि तो बदलता ठेवणे. 'व्हीबीआर, टू पास' हा पर्याय निवडला, तर सॉफ्टवेअर आधी संपूर्ण चित्रफीत वाचते आणि शांत दृश्यांतून वाचलेली जागा अक्षतांच्या वाट्याला देते. वेळ अधिक लागतो, पण तो सार्थकी लागतो. यूट्यूबवर चढविण्यासाठी ती कंपनी १०८० आकाराला २४ ते ३० फ्रेमसाठी ८ मेगाबिट आणि ५० किंवा ६० फ्रेमसाठी १२ मेगाबिट सुचविते, फोर-केसाठी ३५ ते ४५. घरात जपून ठेवायच्या प्रतीला १०८० आकारात १६ ते २० मेगाबिट द्यावेत.

जागेचे गणित आधीच करावे. मेगाबिटांना सेकंदांनी गुणून आठने भागले, की मेगाबाइट मिळतात. तीन तासांची चित्रफीत १० मेगाबिटने सुमारे साडेतेरा जीबी होते. ती ४.७ जीबीच्या एका डीव्हीडीवर बसविण्याचा आग्रह धरला, तर सेकंदाला साडेतीन मेगाबिटांहूनही कमी उरतात. डीव्हीडीची एमपेग २ पद्धत जुनी असल्याने तिला तेवढ्यात भागत नाही. डीव्हीडी हवीच असेल, तर दोन कराव्यात किंवा चित्रफीत दीड तासाची करावी. पाहुण्यांचे आभार दोन वेळा मानण्यापेक्षा अक्षता एकदा स्पष्ट दिसणे महत्त्वाचे.

एच २६५ ही २०१३ मध्ये आलेली पद्धत तोच दर्जा बऱ्याच कमी जागेत, अनुकूल स्थितीत निम्म्या जागेत देते. मात्र जुने संच ती वाचत नाहीत. घरातील साधन ठाऊक नसेल, तर एच २६४ सुरक्षित.

पुन्हापुन्हा दाबलेले चित्र

प्रत्येक आकुंचनात काही बारकावे जातात व ते परत येत नाहीत. नातेवाइकांनी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठविलेले तुकडे आधीच दाबलेले असतात. ते मोठ्या आकारात एक्स्पोर्ट केल्याने दर्जा वाढत नाही, केवळ फाइल फुगते. असे तुकडे मागताना ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविण्यास सांगावे, मग ते जसेच्या तसे येतात. २०२२ पासून अशा फाइलीची मर्यादा २ जीबीपर्यंत आहे. त्याहून मोठे असेल, तर केबलने उतरवून घ्यावे. आधी एक्स्पोर्ट केलेली फाइल पुन्हा जोडणीत घेऊन दुसऱ्यांदा एक्स्पोर्ट करण्याची सवयही सोडावी. एखादे नाव चुकले, तर मूळ प्रकल्पात दुरुस्त करून तेथूनच नवी फाइल काढावी.

रात्रीच्या आकाशात पट्ट्या दिसल्या, तर त्याचे कारण बिटरेटची टंचाई किंवा छटांची मर्यादित संख्या असते. बिटरेट वाढवून पाहावा आणि तरी न गेल्यास त्या दृश्यावर अगदी हलके कण टाकावेत. डोळ्याला पट्टीची कड मग जाणवत नाही.

एक्स्पोर्टपूर्वीची यादी

१. प्रकल्पाचा फ्रेमवेग आणि एक्स्पोर्टचा फ्रेमवेग एकच आहे का, हे पाहावे. प्रकल्प २५ चा व एक्स्पोर्ट ३० चा, ही सर्वांत सामान्य चूक आहे.

२. मोबाइलचे सर्व तुकडे स्थिर वेगाचे केले आहेत का, ते तपासावे.

३. चित्राचा आकार प्रकल्पाएवढाच ठेवावा. लहानाचे मोठे करू नये.

४. मूळ चित्रण आणि तयार फाइल शक्यतो वेगवेगळ्या डिस्कवर ठेवावी. डिस्कवर पुरेशी जागा मोकळी असावी.

५. संपूर्ण चित्रफीत काढण्याआधी एक मिनिटाची चाचणी काढावी. तीत अक्षता, रात्रीची वरात आणि सावकाश फिरणारे दृश्य ही तिन्ही घ्यावीत. ती चाचणी ग्राहक जेथे पाहणार, त्या संचावर व मोबाइलवर पाहावी.

६. चाचणी बिघडली, तर एका वेळी एकच सेटिंग बदलावे. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष कशाने गेला ते कळत नाही आणि पुढच्या लग्नात तो परत येतो.

कार्ड रिकामे करण्यापूर्वी

बिघडलेल्या तयार फाइलीतून गळालेली फ्रेम परत आणता येत नाही, चौकोनांखाली हरवलेला चेहराही नाही. सुधारणा करणारी नवी साधने तेथे अंदाजाने चेहरा रचतात. तो आजीसारखा दिसेल, पण आजीचा असेलच असे नाही. मूळ चित्रण आणि प्रकल्पाची फाइल मात्र हाताशी असेल, तर जोडणीत व एक्स्पोर्टमध्ये आलेले दोष दूर करता येतात.

म्हणून कार्ड रिकामे करण्यापूर्वी त्यातील चित्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर कराव्यात व त्या उघडतात की नाही, हे पाहावे. घरच्यांनी तयार चित्रफीत आपल्या संचावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहून पसंती कळविल्याशिवाय त्या पुसू नयेत. घरच्यांनीही चित्रफीत हाती येताच ती कपाटात न ठेवता पहिल्या आठवड्यात पाहावी आणि काही अडखळत असेल तर त्याची वेळ मिनिट-सेकंदासह लिहून द्यावी. मूळ चित्रण जागेवर असेपर्यंतच त्या तक्रारीचा उपयोग असतो.